सिद्ध कळ आणि घडीव अक्षर

पुण्याहून बंगळूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ कागल मागे टाकून कोगनोळीपाशी कर्नाटकात प्रवेश करतो. राज्य बदलते, फलकांवर मराठीच्या जागी कन्नड अक्षरे येतात. परंतु वेगमर्यादेचे लाल वर्तुळ आणि वळणाचा बाण यांचे रूप तेच राहते. वाहनाच्या काचेवरील फास्टॅगही दोन्ही राज्यांतील टोलनाक्यांवर सारखाच चालतो. खूण समाईक, अक्षर मात्र स्थानिक, हे या रस्त्याचे शहाणपण होय. मोबाईलच्या पडद्यावर अ‍ॅपची मांडणी करणाऱ्यांपुढे जो वाद आहे, त्याचे उत्तर याच रस्त्यावर सापडण्याजोगे आहे.

वाद असा. अँड्रॉइड काय किंवा आयफोनची आयओएस काय, प्रत्येक प्रणालीबरोबर कळा, याद्या, तारखेच्या चौकटी असे घटक सिद्ध स्थितीत मिळतात. गूगलने २०१४ साली ‘मटेरियल डिझाइन’ या नावाने त्यांची एक शिस्तही प्रसिद्ध केली. हे घटक जसेच्या तसे घ्यावेत, की अ‍ॅपचे वेगळेपण ठसावे म्हणून प्रत्येक कळ नव्याने रेखाटावी? नव्याचा मोह स्वाभाविक आहे. सगळ्याच दुकानांच्या पाट्या एकसारख्या दिसू लागल्या, म्हणजे आपली पाटी निराळी असावी असे दुकानदाराला वाटणारच.

परंतु सिद्ध कळेमागे डोळ्यांना न दिसणारे पुष्कळ काम झालेले असते. निपाणी भागातील एखाद्या वृद्ध तंबाखू-उत्पादकाने फोनमधील अक्षरे मोठी करून घेतली, तर सिद्ध घटकांवरील अक्षरही त्यासरशी मोठे होते. दृष्टिहीनांना ‘टॉकबॅक’ ही बोलकी सोय तीच कळ वाचून दाखवते. उलट, केवळ चित्र म्हणून रंगविलेली कळ, निराळी तजवीज न केल्यास, लहानच राहते आणि मुकीही राहते. मग पैसे पाठवण्यासाठी त्या वृद्धाला फोन दुसऱ्याच्या हाती द्यावा लागतो आणि गुप्त अंकही सांगावा लागतो. वेगळेपणाची हौस एकाची, तिची किंमत मात्र दुसऱ्याच्या स्वावलंबनाने चुकती होते.

मग कारागिराने घडवावे तरी काय? घडवावी ती भाषा. देवनागरीच्या सिद्ध टंकांत पुष्कळदा हिंदी वळणाचे ल आणि श उमटतात. मराठी वळण टंकात असले, तरी मजकूर मराठी आहे हे अ‍ॅपला सांगावे लागते. वेलांट्या आणि उकार यांना मोकळी जागा द्यावी लागते. ‘ओके’च्या मापाने बेतलेल्या चौकटीत ‘मान्य आहे’ मावत नाही. सीमाभागात तर मराठी आणि कन्नड हे दोन्ही पर्याय पहिल्याच पडद्यावर दिसले पाहिजेत.

मराठीला हा विवेक नवा नाही. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. छपाईचे तंत्र त्यांनी नव्याने शोधले नव्हते. छापखान्याची कीर्ती झाली ती तेथील सुबक देवनागरी टंकांमुळे. मोबाईलच्या पडद्यावरही कळ सर्वांच्या ओळखीची असावी आणि अक्षर वाचणाऱ्याच्या घरचे असावे, यातच खरे कौशल्य आहे.