जर, तर आणि नाही तर

मृगाचा पाऊस लागला, तर राब भाजलेल्या जमिनीत भात पेरायचं. त्यानं ओढ दिली, तर थांबायचं. आमच्या ठाकुरवाडीत हे जर-तर कुणाला शिकवावं लागत नाही. संगणकाला मात्र शिकवावं लागतं.

‘गो’ ही संगणकाची भाषा गूगल कंपनीत २००७ साली घडू लागली आणि २००९ साली सर्वांना खुली झाली. तिच्यात ‘जर’ला ‘इफ’ आणि ‘नाही तर’ला ‘एल्स’ म्हणतात. अटीला साधा कंस लागत नाही. पण अट खरी ठरल्यावर करायचं काम, ते एका ओळीचं का असेना, महिरपी कंसातच लिहावं लागतं.

आता पाऊस घेऊ. हवामान खातं चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून ‘मुसळधार’, ११५.६ पासून ‘अति मुसळधार’ आणि २०४.५ पासून ‘अत्यंत मुसळधार’ म्हणतं. संगणक या अटी वरून खाली वाचतो. एक खरी ठरली की पुढचं बघत नाही. ६४.५ ची अट वर लिहिली, तर अडीचशे मिलिमीटरलाही तो नुसतं ‘मुसळधार’ म्हणून मोकळा होईल. म्हणून मोठी अट आधी.

पण त्याहून आधी एक प्रश्न आहे. वाड्यांच्या नोंदीत आपल्या वाडीचं नावच नसेल तर? ‘गो’ अडत नाही. ती शून्य आकडा हाती देते. शून्य म्हणजे पाऊस नाही, असं समजून शेवटचा ‘एल्स’ सांगतो, ‘धोका नाही’! सोय अशी, की ‘गो’ आकड्याबरोबर नाव सापडलं की नाही, हेही सांगते. मात्र आपण विचारलं तरच. म्हणून पहिला ‘इफ’ हाच: नाव सापडलं नाही, तर माणूस पाठवून चौकशी करा.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत त्या वाडीचं नाव नव्हतं. संगणक दरड अडवत नाही. पण नाव नाही म्हणजे धोका नाही, ही चूक माणसाची, आणि तीच आपण यंत्राला शिकवतो.

शिक्षकबंधुभगिनींनो, वर्गात वाड्यांच्या चिठ्ठ्या करा, प्रत्येकीवर पावसाचा आकडा लिहा आणि एक चिठ्ठी मुद्दाम लपवा. त्या वाडीबद्दल मुलं काय उत्तर देतात, ते पाहा. ‘माहीत नाही, विचारून येतो,’ असं एखादं मूल म्हणालं, तर त्याला पहिला ‘इफ’ समजला.