आमचा शिमगा आणि त्यांचा कार्निव्हल
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाला कोणी विदुषी आणावी अशी आपली रीत आहे. या वर्षी चिटणीसबाईंनी मलाच उभे केले. मी म्हटले, "अहो, मला काय बोलता येणार?" तर त्या म्हणाल्या, "परवा जिन्यात तुम्ही इटलीची आणि शिमग्याची गोष्ट सांगत होतात ना, तीच सांगा." तेव्हा ही जिन्यातलीच गोष्ट आहे, व्याख्यान नव्हे, असे समजून ऐकावे.

मी इटलीला गेलेली नाही. गिरगावातून गुहागर आणि गुहागरातून गिरगाव, एवढाच माझा प्रवास. पण एके दिवशी नातवाने मोबाईलवर एक चित्रफीत दाखवली. इटलीच्या सार्डिनिया बेटावर मामोयादा नावाचे गाव आहे. तेथील कार्निव्हलची ती होती. काळ्या लाकडी मुखवट्याची, अंगावर मेंढीचे काळे कातडे पांघरलेली माणसे दोन ओळींत चालली होती. पाठीवर गुरांच्या गळ्यातल्या घंटांचे ओझे. ते तीस किलोपर्यंत भरते म्हणतात. सगळे एकदम उडी घेत आणि घंटांचा एकच ठोका पडे. त्यांना मामुथोनेस म्हणतात. त्यांच्याबरोबर लाल डगल्यातली माणसे असतात, ती दोर फेकून बघ्यांना पकडतात. नातू म्हणाला, "आजी, किती विचित्र ना?" मी म्हटले, "विचित्र कसले? अरे, हा तर आपला संकासुर!"

ज्यांनी आमच्याकडचा शिमगा पाहिला आहे त्यांना हे लगेच पटेल. संकासुराचा वेष काळा, पायघोळ. डोक्यावरून तोंड झाकणारी काळी उंच टोपी, तिला लांब पांढरी दाढी, कमरेला घुंगरांचा पट्टा. तो अंगणात आला की पोरे माजघरात पळतात आणि थोड्या वेळाने खांबाआडून हळूच डोकावतात. त्याच्याबरोबर गोमू नाचते. ती बाई नव्हे, लुगडे नेसलेला पुरुषच. मागे मृदुंग आणि झांजा. खेळे नमन म्हणतात, गण होतो, गवळण होते, मावशी आणि पेंद्या हसवून पोट दुखवतात आणि शेवटी मोठा मुखवटा बांधून रावण येतो.

शिमग्यात मुखवटा असा फक्त खेळ्यांनाच असतो असे नाही. आमची ग्रामदेवता वर्षभर देवळात बसते. शिमग्यात तिची चांदीची रुपे पालखीत लागतात आणि ती दारोदार निघते. सोंगाडीही चेहरा बदलून येतो आणि देवही रूप लावून येतो. घरधन्याच्या अंगणात दोघांचाही मान होतो. ढोल-ताशाच्या तालावर पालखी नाचते, गावकर गाऱ्हाणे घालतो, सगळे "व्हय महाराजा" म्हणतात आणि घरची बाई देवीची ओटी भरते.

आता कार्निव्हल म्हणजे काय, तेही थोडे सांगते. ईस्टरपूर्वी ख्रिस्ती लोकांचे चाळीस दिवसांचे उपवास असतात. खोताच्या वाडीतल्या आपल्या शेजारणींकडून आपण हे जाणतोच. उपवास लागण्यापूर्वी चार दिवस खाणेपिणे, नाचगाणे, सोंगे, तो कार्निव्हल. त्या शब्दाचा अर्थ मांस वर्ज्य करणे असाच लावतात. आपल्याकडेही श्रावण लागण्याआधी पुरुषमंडळी काय करतात ते मी सांगावयास नको! गोव्यात कार्निव्हलला इंत्रुज म्हणतात. पणजीची मिरवणूक पुष्कळांनी पाहिली असेल, पण चांदर गावी त्याच दिवसांत ख्रिस्ती मंडळी हातात मुसळे घेऊन ताल धरत मुसळ खेळ करतात. त्याच गोव्यात काही दिवसांनी शिगमोही होतो. थंडी सरताना माणसाला चेहरा झाकून मोकळे व्हावेसे वाटते. त्याला देशाची किंवा धर्माची शीव नाही.

पण मला त्या चित्रफितीतली दुसरीच गोष्ट लागली. त्या गावाने मुखवटे कोरणारे कारागीर टिकवले आहेत आणि 2001 साली मुखवट्यांचे संग्रहालयही उघडले. इटलीतच व्हियारेज्जो नावाचे समुद्रकाठचे शहर आहे. तेथे 1873 पासून कार्निव्हलची मिरवणूक निघते आणि 1925 पासून कागदाच्या लगद्याची प्रचंड चित्रे रथांवर चढवतात. म्हणजे आपल्या लालबागच्या गणपती कारखान्यांसारखेच. त्या एका मिरवणुकीवर तेथे कारागिरांची घरे चालतात.

आपल्या कोकणात कला थोडी आहे का? कुडाळजवळ पिंगुळी गावी ठाकर मंडळी चित्रकथी करतात. रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे एकेक करून पुढे धरायची आणि वाद्यांच्या साथीवर कथा गायची. कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळही त्यांच्याकडे आहे. तेथील परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्यातच त्याचे संग्रहालय केले. त्यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. सावंतवाडीला लाकडी खेळणी आहेत आणि गंजिफा आहे. गंजिफाचे गोल पत्ते हाताने रंगवायचे. दशावतारी डावात एकशेवीस पत्ते असतात. ही कला जवळजवळ बुडाली होती. तेव्हा राजमाता सत्त्वशीलादेवी भोसले एका वृद्ध चिताऱ्याकडून ती स्वतः शिकल्या आणि राजवाड्यात कारागीर बसवून त्यांनी ती पुन्हा चालू केली. एका बाईने मनावर घेतले म्हणून ती कला राहिली, हे आपल्या मंडळाने ध्यानात ठेवावे.

तुम्ही म्हणाल, त्या राजघराण्यातल्या. आपण चाळीतल्या बायका काय करणार? त्याचे उत्तर मला माझ्याच चुकीतून मिळाले, ते सांगते.

आमचे गावी घर आहे. सासूबाई होत्या तोवर ते उघडे होते. त्या गेल्यावर एका वर्षी मुलीची परीक्षा आली म्हणून आम्ही शिमग्याला गेलो नाही. दुसऱ्या वर्षी यजमानांना रजा नव्हती. तिसऱ्या वर्षी काहीच कारण नव्हते, नुसता कंटाळा. चौथ्या वर्षी गेलो. दार उघडते आहे तोच शेजारची म्हातारी आली आणि म्हणाली, "आलीस गो बाय? तीन वर्सं पालखी तुझ्या कुलपासमोर उभी राहिली." त्या तिन्ही वर्षी पालखी आमच्या अंगणात आली होती, ढोल वाजला होता, दाराला कुलूप असूनही गावकराने आमच्या नावाने गाऱ्हाणे घातले होते. आणि म्हातारीने आपल्या घरचा नारळ आणून आमच्या उंबऱ्यावर ठेवला होता. भगिनींनो, मला तिच्याकडे मान वर करून बघवेना.

त्या वर्षी पालखी आली, मी ओटी भरली, पण संकासुर आला नाही. मी त्याच्या घरी गेले. त्याची बायको ओटीवर तांदूळ निवडत होती. संकासुराची टोपी, ती दाढी, तो काळा अंगरखा हे सारे ही बाई वर्षानुवर्षे हाताने शिवत आली होती, हे मला त्या दिवशी कळले! इतकी वर्षे मी तो वेष पाहिला, पण तो कोणी शिवला असेल असा विचारही माझ्या मनात आला नव्हता. मी विचारले, "या वर्षी का नाही?" ती म्हणाली, "वयनी, नाचायचं कोणापुढं? वाडीत चौदा घरं, नवांना कुलूप. पोरं मुंबईस. अंगणात माणूस नसला तर घुंगरू कोणासाठी वाजवायचं?" मग जरा थांबून म्हणाली, "पुढच्या सालाला येणार असाल तर सांगा. टोपी नवी शिवते."

मला आजवर वाटे की कला मरते ती पैसा नसल्याने किंवा शिकणारा नसल्याने. तेही खरेच आहे. पण त्याआधी ती मरते दाराला कुलूप पडल्याने. सोंग घ्यायला एक माणूस लागतो, आणि ते पाहून घाबरायला, हसायला, हातावर पोस्त ठेवायला घरभर माणसे लागतात. चित्रफीत पाहून हे काम होत नाही, हे मी नातवालाही सांगितले.

शिमग्यात बायकांनी काय करायचे, असे काही जणी विचारतात. गोमू पुरुष, मावशी पुरुष, खेळे पुरुष. मामोयादातही पूर्वापार पुरुषच मुखवटा घालत आले. अलीकडे कोकणात काही गावांत बायका पालखीला खांदा देऊ लागल्या आहेत, ते मला फार आवडले. पण खांदा मिळो न मिळो, अंगण सारवणारी, ओटी भरणारी आणि टोपी शिवणारी बाईच आहे. तिच्यावाचून पालखी कोणाच्या दारी येणार?

आम्ही पुढच्या वर्षी गेलो. जाण्याआधी महिनाभर मी त्या वहिनींना निरोप दिला आणि काळ्या कापडाचे पैसे पाठवले. संकासुर आला. दाढी नवी, पांढरीशुभ्र. त्याच्या आत आता तिचा मुलगा होता, परळहून रजा काढून आलेला. माझा नातू, जो मोबाईलवर मामुथोनेस पाहून हसला होता, तो माजघरात पळाला आणि मग खांबाआडून डोकावला!

शेवटी एवढीच विनंती करते. आपल्यापैकी ज्यांचे गावी घर आहे त्यांनी शिमग्याला दोन दिवस तरी कुलूप काढावे. खेळ्यांच्या हातावर पोस्त ठेवताना घासाघीस करू नये. वेष कोणी शिवला, मुखवटा कोणी रंगवला ते नाव विचारावे आणि वहीत लिहून ठेवावे. ज्यांचे गाव राहिले नाही त्यांनी साहित्य संघात किंवा जवळपास नमनाचा प्रयोग लागेल तेव्हा मुलांना घेऊन जावे. आणि पुढच्या वर्धापनदिनाला माझ्यासारखीला उभे करण्यापेक्षा आपण त्या वहिनींनाच बोलवावे. त्यांच्या येण्याजाण्याचा खर्च मी देईन. राहायला माझे घर आहेच.