दप्तरखान्याचा निधी
(बोरगाव येथे महाजनांच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या भागाचे एक लहानसे इतिहास-संग्रहालय असावे व त्याला जोडून जुन्या कागदपत्रांचा एक दप्तरखाना असावा, असा ठराव आपण मागील सभेत केला आणि त्यासाठी निधी जमविण्याचे काम माझ्याकडे सोपविले. मी इतिहासकार नव्हे. माझी सारी हयात कारकुनीत गेली. आवक-जावक, जमाखर्च आणि पावतीपुस्तक यांच्यापलीकडे माझी विद्या जात नाही. तथापि अशा संस्थांपुढे जे प्रश्न उभे राहतात ते बव्हंशी जमाखर्चाचेच असतात, असे माझे मत आहे. त्याच बाजूने मी आज चार शब्द बोलणार आहे.

प्रारंभी एका शंकेचा परामर्श घेणे भाग आहे. निधीसाठी फिरू लागलो तेव्हा पहिला प्रश्न पैशाचा आलाच नाही. “इतिहास नागपूरचा, इतिहास देवगडचा, आमच्या संत्र्याच्या बागांना आणि कापसाच्या वावरांना कसला इतिहास?” असे आपलेच लोक विचारतात. त्यांना मी दोन ताम्रपटांची हकीकत सांगतो.

पहिला ताम्रपट वर्धा जिल्ह्यातील देवळी येथे मिळाला. तो राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याने शके ८६२ मध्ये, म्हणजे इसवी सन ९४० मध्ये, करून दिलेला आहे. आपला दिवंगत बंधू जगत्तुंग याच्या पुण्यवृद्धीसाठी राजाने एका ब्राह्मणास गाव दान दिले. त्या गावाच्या चतुःसीमा ताम्रपटात लिहिल्या आहेत. त्यांत कन्हना नावाची नदी आहे, मोहमग्राम आहे आणि वध्रीर नावाचे गाव आहे. संशोधकांनी ही नदी म्हणजे आपली कन्हान, मोहमग्राम म्हणजे आपले मोहगाव आणि वध्रीर म्हणजे आपली बेरडी, असे ठरविले आहे. ज्या मोहगावला आपण सोयरीक करावयास जातो, त्याचे नाव हजार वर्षांपूर्वी तांब्यावर कोरले गेले होते! दुसरा ताम्रपट खुद्द पांढुर्ण्याचा. तो त्याहूनही पाचशे वर्षे जुना, वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या कारकीर्दीच्या २९ व्या वर्षातला आहे. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी वाकाटकांचे लेख एकत्र करून जो ग्रंथ १९६३ साली प्रसिद्ध केला, त्यात तो समाविष्ट आहे. पांढुर्ण्याच्या शाळेतील किती मुलांना हे ठाऊक आहे, हे मी विचारीत नाही. शिक्षकांना विचारावे लागेल.

ताम्रपट टिकला याचे कारण तो तांब्याचा होता. कागदाचे तसे नाही. हा प्रदेश देवगडच्या गोंड राजांकडून नागपूरकर भोसल्यांकडे आला, १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले, पुढे मध्यप्रांत झाला, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन नागपूर एका राज्यात गेले व आपण दुसऱ्या राज्यात राहिलो. २०२३ साली सौंसर आणि पांढुर्णा या तहसिली छिंदवाड्यातून निघून नवा जिल्हा झाला. राज्य बदलले की कचेरी बदलते. कचेरी बदलली की दप्तर हलते. आणि हललेल्या दप्तरातले काय पोहोचले व काय वाटेत राहिले याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. हे मी कारकुनाच्या अनुभवाने सांगतो.

घरोघरचे कागद तर याहून लवकर गेले. आपल्याकडे मालगुजारी १९५१ साली संपली. तोवर सनदा, वाटणीपत्रे, लगान-पावत्या, पंचांचे निवाडे ही मंडळी जिवापाड जपत, कारण कोर्टात त्यांचा उपयोग होता. तो उपयोग संपला आणि मोडीचे रुमाल माळ्यावर गेले. माळ्यावरून वाळवीकडे किंवा रद्दीवाल्याकडे. मोडी वाचणारी पिढी गेली, तेव्हा घरच्यांनाही पुडक्यात काय आहे ते कळेनासे झाले. अगदी परवापरवापर्यंत आपल्या अंगणाजवळून जाणारी नागपूर-छिंदवाडा छोटी गाडी २०१५ साली बंद पडली. तिचे तिकीट आज किती घरांत निघेल? नागपूरच्या मोतीबागेत रेल्वेने छोट्या गाड्यांचे संग्रहालय २००२ साली उघडले म्हणून निदान इंजिन पाहावयास मिळते. आपल्या माणसांनी त्या गाडीतून काय नेले आणि काय आणले, ते मात्र तेथे मिळणार नाही.

आता मुख्य विषयाकडे येतो. आपणांस आनंद वाटावा अशी एक गोष्ट घडली आहे. एका सद्गृहस्थांनी संग्रहालयाच्या इमारतीचा सारा खर्च एकट्याने देऊ केला आहे. दर्शनी भागी त्यांच्या मातोश्रींचे नाव असावे आणि बांधकाम याच वर्षी सुरू व्हावे, एवढीच त्यांची इच्छा. यात गैर काहीच नाही. जगत्तुंगाच्या भावानेही दान नावासाठीच दिले होते आणि त्या नावामुळेच आज आपणांस मोहगाव सापडते. तरीही ही देणगी आजच स्वीकारू नये, ती मागाहून स्वीकारावी, असे मी निधी-समितीत सांगितले व येथेही सांगतो. काही महाजनांना हे रुचलेले नाही. “लक्ष्मी दारात आली असता तुम्ही पावती शोधत बसलात,” असेही मला ऐकविण्यात आले.

माझे कारण साताऱ्याचे आहे. रावबहादुर दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी आयुष्यभर खपून मराठी रियासतीचे कागद, चित्रे, नकाशे यांचा अपूर्व संग्रह केला. त्यासाठी साताऱ्यास सरकारी खर्चाने इमारतही झाली. १९२६ साली पारसनीस वारले, आणि १९३९ साली तो संग्रह पुण्यास डेक्कन कॉलेजात गेला. तेथे तो उत्तम राखला गेला; संशोधकांचे नुकसान झाले नाही. नुकसान झाले ते साताऱ्याचे. इमारत जागेवर राहिली व कागद गेले.

याच्या उलट धुळे पाहा. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्यापाशी इमारत नव्हती. गावोगाव पायपीट करून, स्वतःच्या पदराला खार लावून त्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे बावीस खंड काढले. सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या साह्याने ७ जुलै १९१० रोजी पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले. पुढे मतभेद झाले व ते तेथून दूर झाले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यास त्यांचा देहान्त झाला. मागे राहिले ते कागदांचे गठ्ठे. धुळेकरांनी हे गठ्ठे पुण्यास पाठवून हात झटकले नाहीत. पुढच्याच वर्षी त्यांनी राजवाडे संशोधन मंडळ काढले, आणि भास्कर वामन भट यांच्यासारख्या माणसांनी ते आपले घरचे कार्य मानून चालविले. पारसनीस आणि राजवाडे एकाच वर्षी गेले. एकाचा संग्रह गावातून हलला, दुसऱ्याचा गावातच रुजला. पुण्याचे डॉ. दिनकर केळकर यांनीही अखेर आपला हजारो वस्तूंचा संग्रह १९७५ साली महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला, कारण एका कुटुंबाच्या बळावर असे ओझे पिढ्यान्‌पिढ्या पेलत नाही, हे त्या व्यवहारज्ञ पुरुषास कळत होते.

आपल्यामागे शासन उभे राहील या आशेवर मी विसंबून नाही. छिंदवाड्यास १९५४ पासून आदिवासी संग्रहालय आहे. बादल भोई यांचे नाव त्यास दिले आहे, आणि २०२४ साली त्याची नवी वास्तू खुली झाली. शासनाने जिल्ह्यात जे करावयाचे ते तेथे केले. आपले घरचे कागद आपणच राखावयाचे आहेत.

म्हणून हिशेब मांडतो. उदाहरणादाखल समजा, अर्धवेळ एक जाणता माणूस ठेवला, महिना १२ हजार रुपये. वर्षाचे झाले १ लाख ४४ हजार. पेट्या, कापडी रुमाल, कीड-वाळवीचा बंदोबस्त, वीज, मोडी वाचकाचा प्रवासखर्च मिळून ३६ हजार. एकूण १ लाख ८० हजार. ही रक्कम व्याजातून यावी असे म्हटले आणि व्याज सहा टक्के धरले, तर कायम ठेव ३० लाखांची हवी. महागाईचा विचार केला तर अधिकच हवी. इमारत देणारा दाता भेटतो. वाळवीच्या औषधासाठी देणगी देणारा मला अद्याप भेटलेला नाही. त्याच्या नावाची पाटी कोठे लावणार?

तीस लाखांचा आकडा ऐकून घाबरू नये. येथली आणि येथून नागपूर, पुणे, मुंबईस गेलेली मिळून एक हजार घरे धरा. प्रत्येक घराने तीन वर्षे दरसाल एक हजार रुपये दिले की काम झाले. महिन्याला जेमतेम चौऱ्याऐंशी रुपये पडतात. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून ‘पैसा फंड’ उभारला, आणि त्यातून १९०८ साली तळेगावास काचेचा कारखाना निघाला. आपल्या शेजारच्या नागपुरात डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी १९१६ साली ज्ञानकोशासाठी चक्क मर्यादित कंपनी काढली, लोकांना भाग विकले, आणि १९२० ते १९२९ या काळात तेवीस खंड पुरे केले. ज्याने भाग घेतला तो कोश कधी होणार म्हणून विचारू लागला. मला आपल्या हजार घरांकडून हेच विचारणे हवे आहे. एका दात्याच्या संग्रहालयात गाव पाहुणा म्हणून जातो, आणि पाहुणा आपल्या माळ्यावरचे गाठोडे काही बरोबर आणीत नाही. औद्योगिक वसाहतीतील कारखानदारांकडेही मी जाणार आहे, पण या हजार घरांची यादी हातात घेऊनच.

काही नियम समितीने माझ्या आग्रहावरून ठरविले आहेत. न्यासाची नोंदणी १९५१ च्या सार्वजनिक न्यास अधिनियमाखाली होईपर्यंत रोख रक्कम कोणी घ्यावयाची नाही. कायम ठेवीच्या मुद्दलास हात लावावयाचा नाही. कागद देणाऱ्यास पावती मिळेल, व तीत किती बंद, कोणती लिपी, कोणत्या स्थितीत, हे लिहिलेले असेल. मूळ कागद द्यावयाचे नसतील त्यांनी छायाचित्रे काढू द्यावी. कागद त्याच दिवशी परत जातील. जमिनीच्या वादाची भीती काहींच्या मनात आहे, ती मी हसण्यावारी नेत नाही. म्हणून कोणाच्याही घरचा चालू वादाचा कागद मालकाच्या लेखी संमतीवाचून वाचकापुढे ठेवला जाणार नाही. देवस्थानाने आपले जुने कीर्दखतावणीचे बंद प्रथम द्यावेत, अशी माझी महाजनांस विनंती आहे. ज्याने मागावयाचे त्याने आधी द्यावे.

त्या सद्गृहस्थांची मी भेट घेतली आहे. ठेव निम्मी जमली की बांधकामास हात घालावा, तोपर्यंत थांबण्याची त्यांची तयारी आहे. आपली संमती असेल तर हा ठराव आज मतास टाकावा, असे मी अध्यक्षमहोदयांस विनवितो. सभेनंतर मंडपाच्या उजव्या बाजूस मेज मांडले आहे. तेथे आज फक्त नावे नोंदविली जातील. एका वहीत वर्गणीदारांची, दुसऱ्या वहीत ज्यांच्या घरी जुने कागद आहेत त्यांची. घरी गेल्यावर गाठोडे सोडाल तेव्हा फाटलेल्या कागदास चिकटपट्टी लावू नका, उन्हात वाळवू नका. जसे असेल तसे स्वच्छ सुती कापडात बांधून ठेवा. दसऱ्यानंतर आम्ही घरोघर येऊ.