लिंकन घराण्याची पश्चिमेकडील वाटचाल

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांचा मूळ पूर्वज सॅम्युएल लिंकन हा विणकाम शिकलेला तरुण 1637 मध्ये इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यातून मॅसॅच्युसेट्समध्ये आला, आणि पुढील पिढ्या पेनसिल्व्हेनिया व व्हर्जिनियामार्गे सरकत केंटकीच्या सरहद्दीवर, म्हणजे गोऱ्यांची वस्ती संपून मूळ रहिवाशांचा मुलूख सुरू होई त्या पट्ट्यात, पोहोचल्या. तेथे 1786 मध्ये शेतात राबताना राष्ट्राध्यक्षांचे आजोबा मूळ रहिवाशांच्या हल्ल्यात मारले गेले. मुलूख मुळात कोणाचा होता, हे ध्यानात घेतल्याखेरीज या संघर्षाचा अर्थ लागत नाही. वडील थॉमस यांनी केंटकीतील जमीन-मालकीच्या तंट्यांना कंटाळून 1816 मध्ये इंडियाना गाठले. सुरुवातीला कुटुंब तीन बाजूंनी बंद असलेल्या ओंडक्यांच्या खोपटात राहिले, ज्याच्या उघड्या चौथ्या बाजूस शेकोटी सतत धगधगती ठेवावी लागे. 1818 मध्ये आई नॅन्सी ‘दूधरोगा’ने दगावल्या, रानात मोकाट चरणाऱ्या गायींनी एक विषारी वनस्पती खाल्ली, की ते विष दुधातून माणसाच्या पोटात जाई, परंतु हे कारण तेव्हा वैद्यांनाही उमगलेले नव्हते. 1830 मध्ये कुटुंबाने इलिनॉयकडे बैलगाड्या हाकल्या.