घुमटातली कुजबुज, चकतीतला प्रकाश



स्वागत समितीच्या वतीने सोलापुरातल्या या विज्ञान संमेलनात आपलं मनःपूर्वक स्वागत. स्वागताध्यक्षाने थोडक्यात आटपावं, हा संकेत मला ठाऊक आहे. पण यंदा चर्चा कालस्फटिकांची, म्हणजे टाइम क्रिस्टलची आहे आणि तिचा एक धागा इथून शंभरेक किलोमीटरवरच्या विजापूरला पोहोचतो. तेवढं सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तिथल्या गोल घुमटाच्या सज्जात भिंतीशी कुजबुजलं की पलीकडच्या टोकाला लख्ख ऐकू येतं. आवाज वक्र भिंतीला बिलगून पुढे सरकतो. सी. व्ही. रामन यांनी १९२२च्या सुमारास याचा अभ्यास केला होता. जवळपास शतकाने, २०२२मध्ये, कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडच्या होसेन ताहेरी आणि सहकाऱ्यांनी प्रकाशाला असंच कडेकडेने फिरवलं. मॅग्नेशियम फ्लोराइडची चिमुकली चकती आणि तिला प्रकाश पुरवणारे दोन लेझर. दोघांच्या कंप्रतांतल्या फरकाने एक ताल ठरतो, पण चकतीत उमटणारे प्रकाशस्पंद त्याच्या पूर्णांक पटीतलं संथ आवर्तन धरतात. हलगीच्या दर दोन ठोक्यांना लेझीम एकदाच छनकावी आणि वाजवणाऱ्याचा हात किंचित चुकला तरी ते प्रमाण मोडू नये, तसं. ही हट्टी लय म्हणजेच कालस्फटिक. आणि तोही साध्या खोलीच्या तापमानाला!

दुसरा प्रयोग जर्मनीतला: हॅम्बुर्गच्या संशोधक गटाने आरशांच्या जोडीत अतिशीत रुबिडियम अणू ठेवले. तिथे, त्याच वर्षी, एकसारखा प्रकाश टाकला तरी अणूंनी स्वतःहून ठेका धरलेला दिसला.

कालस्फटिकाला कुणी ‘कधीच न थांबणारं यंत्र’ म्हणतं, ते मला पटत नाही. भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक विल्चेक यांनी २०१२मध्ये कल्पिलेला, समतोलात आपोआप हलत राहणारा स्फटिक वातानाबे आणि ओशिकावा यांनी २०१५मध्ये अशक्य ठरवला. हे प्रकाशाचे स्फटिक तर लेझर बंद केला की संपले. मला अप्रूप आहे ते वेगळ्याच गोष्टीचं. चकती असो वा आरशांची जोडी, तिच्यातून प्रकाश सतत गळतो आणि गळती व भरणा यांच्या तोलावर लय टिकते. शिवाय आत काय चाललंय, ते तोच गळलेला प्रकाश बाहेर येऊन सांगतो.

बाकी वाद तज्ज्ञांनी सत्रांत घालावा. फक्त सत्रं वेळेत संपवा; दुपारी कडक भाकरी आणि शेंगाचटणी आहे.