आपाचा फॉर्म

मी घोडपदेवच्या चाळीत वाढलो. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी अब्बा आजारी पडले आणि मला तीन केटी लागल्या. कॉलेज सोडून नोकरी धरायचं मी ठरवून टाकलं होतं.

अशा मुलांना आज जालना जिल्ह्यातल्या शेलगावच्या अन्सार शेख यांचं उदाहरण देतात. रिक्षाचालकाचा मुलगा, २०१५ च्या यूपीएससी परीक्षेत ३६१ वा, वय अवघं २१. धाकट्या भावाने शाळा सोडून गॅरेजमध्ये काम केलं, हे मात्र आपण घाईत सांगतो.

आमच्या घरी ते काम आपाने केलं. बारावीनंतर तिचं शिक्षण थांबलं, ती शिकवण्या घेऊ लागली. केटीची फी तिनेच भरली. म्हणाली, "नोकरीचं नंतर बघ. आज रात्री एक गणित सोडव."

मी गॅलरीतल्या दिव्याखाली बसायचो. जोश वगैरे काही नव्हता, झोप मात्र भरपूर यायची! पण ती फी आठवली की वही मिटवत नसे.

तिन्ही विषय सुटले, त्या दिवशी पेढे घेऊन घरी आलो. आपाने पुडा बाजूला ठेवला. "आता माझा मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरून दे," म्हणाली.