ग्रिडचा झोका

वेळ थोडा आहे, म्हणून मुद्दा आधीच सांगून टाकतो. लहान झोक्यावर बसवलेलं नियंत्रण मोठ्या झोक्याला पुरेलच, असं नाही. हे वाक्य आज पुन्हा म्हणणार आहे, कंटाळू नका.

नागपंचमीला झाडाला बांधलेला झोका डोळ्यांपुढे आणा. हलकेच डुलत असताना तो जितका लांब जातो, तितक्याच हिशेबानं मागं ओढला जातो. हातभर गेला तर एवढी ओढ, दोन हात गेला तर दुप्पट. पण पोरींनी जोर लावून तो फांदीच्या बरोबरीला चढवला, की हा हिशेब मोडतो. दोर सैल पडतो, आणि सैल दोर कुणाला परत आणत नाही.

वीज केंद्रातला रोटर ग्रिडला असाच बांधलेला असतो. दोर चुंबकीय ओढीचा, आणि रोटर ग्रिडच्या किती पुढं आहे ते सांगणाऱ्या डेल्टा कोनाच्या साइननुसार ती ओढ चालते. वीस-पंचवीस अंशांपर्यंत साइन जवळजवळ सरळ रेषेत जातो. नव्वदला तो माथ्यावर पोचतो. पुढं कोन वाढेल तशी ओढ घटते. आपले पॉवर सिस्टिम स्टॅबिलायझर, म्हणजे पीएसएस, त्या सरळ तुकड्यावर ट्यून केलेले असतात. रोजचं डुलणं ते छान आवरतात, त्यांना मी नावं ठेवत नाही. पण केंद्राच्या दारातच तिन्ही फेज शॉर्ट झाले तर? ४०० केव्हीच्या लाइनवरचा दोष तोडायला १०० मिलिसेकंद, म्हणजे पाच सायकल. तेवढा वेळ टर्बाइन ढकलतच असतं, वीज बाहेर पडायला वाट नसते आणि रोटर पुढं धावतो. दोष सुटतो तेव्हा एक लाइनही गेलेली असते. म्हणजे झोका वर चढलेला, आणि दोरही आधीपेक्षा बारीक!

आठवा, ३० जुलै २०१२, पहाटे २.३३. बीना–ग्वाल्हेर लाइनवर शॉर्ट नव्हता. नुसत्या जादा भारालाच रिले दोष समजला आणि लाइन ट्रिप झाली. वीज पूर्वेकडच्या लांबच्या वाटेनं उत्तरेला निघाली, कोन फाकत गेले आणि उत्तर ग्रिड बसलं. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य, तिन्ही बसली. पश्चिम ग्रिड तगलं म्हणून महाराष्ट्रात दिवे राहिले. दोष एखाद्या कंट्रोलरचा नव्हता, हे मान्य. पण कोन फाकल्यावर सरळ रेषेचा हिशेब कामाला येत नाही, हे त्या दोन दिवसांनी दाखवलं. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर लाइननं दक्षिणही जोडली गेली. आता सारा देश एकाच झोक्यावर आहे.

मग करायचं काय? साइनला साइनच मानणारं, नॉन-लिनिअर नियंत्रण. एक वाट फीडबॅक लिनिअरायझेशनची: साइनचं वाकणं बरोबर कापलं जाईल, अशा बेतानं कंट्रोलर एक्सायटेशन, म्हणजे रोटरच्या चुंबकाचा प्रवाह, हलवतो. अडचण अशी, की लाइन तुटली की रिॲक्टन्स बदलतो आणि काप चुकतो. दुसरी वाट ल्यापुनॉव्हच्या १८९२ च्या प्रबंधातून निघालेली: झोक्यातली ऊर्जा मोजा, आणि ती क्षणोक्षणी घटेल असंच पाऊल टाका. एक्सायटेशनला कमाल मर्यादा असते, तीही हिशेबात धरा. कोन कळायचा कसा, ही जुनी तक्रार आता चालणार नाही. ग्रिडमधल्या व्होल्टेजचे कोन मोजणारी पीएमयू उपकरणं सेकंदाला पंचवीस वेळा ते कळवतात.

प्राध्यापक मित्रांनो, थोडं रागावतो. फळ्यावर साइन डेल्टाच्या जागी डेल्टा लिहिता, ठीक आहे. पण ती आपली सोय आहे, ग्रिडचा स्वभाव नव्हे, हे पोरांना त्याच तासाला सांगा. आणि साइटवरच्या अभियंत्यांनो, व्होल्टेज सेटिंगला दोन-चार टक्क्यांचा टप्पा दिला, आलेख शांत झाला, की सही! लहान झोक्यावर बसवलेलं मोठ्या झोक्याला पुरेलच असं नाही, म्हणतो ते हेच.

सौर इन्व्हर्टरबद्दलही बोलायचं होतं. त्यांच्यात फिरणारं वजनच नाही, त्यामुळे त्यांच्या बाबतीत... पण तो विषय दोन मिनिटांचा नव्हे. आज एवढंच मागतो: कोणत्याही स्टॅबिलायझरवर सही करण्याआधी तीन-फेज दोषाचं सिम्युलेशन चालवा, एक लाइन काढून पुन्हा चालवा, आणि डेल्टा कुठवर गेला ते त्याच कागदावर लिहा.